बारा महिन्यांची अट

लोकेंद्रनं फोनवर ती बातमी सांगितली तेव्हा उर्वशीच्या तोंडून सगळ्यात आधी निघालं ते, "वेटिंग पिरियड असतो." काउंटरवर रोज ज्या आवाजात म्हणायची अगदी त्याच आवाजात, शेवटच्या शब्दाला जरा खाली उतरून, म्हणजे समोरच्याला पुढे काही विचारायचं सुचू नये. तिकडे ऑस्ट्रेलियात, पर्थ नावाच्या शहरात, तिचा नवरा कामावरून सुटून बसथांब्यावर उभा होता; इकडे गोंदियातल्या एका खासगी दवाखान्याच्या तळमजल्यावर, कूलरच्या ओल्या गवताच्या वासात, सहाव्या महिन्यातलं पोट टेबलाच्या कडेला टेकवून उर्वशी बसली होती आणि काचेखालच्या फटीतून एक म्हातारा आपलं आधार कार्ड आत सरकवत होता. तिनं कार्ड घेतलं, सरळ करून ठेवलं. "म्हणजे काहीच नाही देत?" तिनं विचारलं. "ताप आला, हाड मोडलं, अपेंडिक्स निघालं, तर सगळं देतात," लोकेंद्र म्हणाला. "तुझं नाव आहे, कार्ड आहे. पण डिलिव्हरी बारा महिन्यांनंतरच. आज इथल्या हॉस्पिटलात नाव लिहायला फोन केला, तवा समजलं. लेकराले काचेच्या पेटीत ठेवा लागलं तर तेही आपल्याच खिशातून." त्याच्या बोलण्यात 'तवा' आणि 'लेकराले' आलं म्हणजे तो घाबरला आहे, एवढं तिला कळलं. तिकडे गेल्यापासून तो फोनवर पुस्तकातलं मराठी बोलायचा. "पुढच्या आठवड्यात तर विमान आहे," तो म्हणाला, जणू हे तिला माहीत नव्हतं. "संध्याकाळी बोलू," ती म्हणाली आणि म्हाताऱ्याकडे वळली.

तिचं कामच ते होतं. भरती होणाऱ्या माणसाचे विम्याचे कागद कंपनीकडे पाठवायचे आणि कंपनी हो म्हणाली की नाही ते खिडकीतून सांगायचं. हो सांगायला फार काही लागत नाही, माणूस चेहऱ्यावरूनच ओळखतो. नाही म्हणायला मात्र आवाज कमवावा लागतो, आणि चार वर्षांत तिनं तो चांगला कमावला होता. मूल नऊ महिन्यांत येतं आणि विमा त्याच्या मागून, ही गंमत तिला नोकरीच्या सुरुवातीलाच कळली होती, आणि तेव्हा ती तिला खरोखरच गंमत वाटली होती. लोक दिवस गेल्यावर धावत जाऊन पॉलिसी काढतात आणि कार्ड हातात आलं की निर्धास्त होतात. कार्डावर नाव असणं आणि पैसे मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ती त्यांना सांगायची. शालीकराम नावाच्या एका माणसाला असंच सांगितलं होतं. नागझिऱ्याच्या गेटवर पर्यटकांना जंगल दाखवायचं काम करायचा तो. बायको वेळेआधीच अडली होती, बाहेर गाडीत कण्हत होती, आणि हा पॉलिसीची घडी उलगडून काचेला लावून उभा होता. "वेटिंग पिरियड असतो," उर्वशी म्हणाली. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "मंग लेकराले सांगू का, थांब म्हनून?" त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता, तसं सांगून चालत असेल तर सांगून पाहतो, अशा चेहऱ्यानं त्यानं विचारलं होतं. रांगेतले दोघंतिघं हसले. उर्वशीसुद्धा हसली. मग तो बायकोला घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. पुढे काय झालं ते तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, गोंदिया काही एवढं मोठं नाही.

म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूच्या कागदांचं काम झालं. त्याच्यामागच्या बाईचं झालं. उर्वशीचे हात चालत होते आणि डोक्यात मागच्या उन्हाळ्यातली एक दुपार उघडून बसली होती. तिरोड्याचं सासरचं घर, ओसरीवर पसरलेल्या लाखोरीच्या डाळीतले खडे वेचत बसलेल्या धनवंताबाई, तिच्या सासूबाई, आणि समोर सुपाला टेकवलेला फोन. त्यात लोकेंद्रचा चेहरा. तो नुकताच तिकडे गेला होता, विमा कंपनीचे कागद भरत होता. "एकट्याचं घेऊ का दोघांचं?" तो विचारत होता. "दोघांचं घेतलं तर उर्वशीचंही होते, अन् त्यात डिलिव्हरी पण आहे." धनवंताबाईंनी हातातली डाळ खाली टाकली. "अजून काई नाई अन् बारंतपनाचा नाव कायले घेता?" त्या म्हणाल्या. "इकत आनाचा असते का ते? आल्यावर पाहू." त्यांच्या घरात, त्यांच्या अख्ख्या नात्यागोत्यात, मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही म्हणता काही आणत नसत. झबलं नाही, टोपडं नाही, पाळणा तर माळ्यावरून खालीही काढायचा नाही. बाळ बाहेर येऊन रडलं की मग जुनी लुगडी फाडून दुपटी करायची, शेजारणीच्या घरून पाळण्याची दोरी मागून आणायची. आधी तयारी केली की येणाऱ्याला पाय फुटतात, ते वाटेतूनच परत जातं, एवढंच काय ते कारण, आणि ते कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे. आता यात विम्याचा काय संबंध? पण धनवंताबाईंच्या मनात विमा पाळण्याशेजारी जाऊन बसला आणि तिथून हलला नाही.

तो तिथून हलवायचं काम उर्वशीचं होतं. दुसऱ्यांच्या सुना खिडकीशी आल्या की ती त्यांना झापायची, लग्न झालं त्याच महिन्यात काऊन नाही काढली पॉलिसी? आणि त्या दुपारी, ओसरीच्या खांबाला टेकून उभी असताना, फोनमधला नवरा तिच्या तोंडाकडे पाहत असताना, ती म्हणाली, "राहू द्या." सासूचं मन राखलं, असं लोकेंद्रला वाटलं असेल. धनवंताबाईंनाही तसंच वाटलं असेल, कारण त्या रात्री त्यांनी हिच्या ताटात साय जास्त वाढली. पण ते खरं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात तिला दिवस राहिले होते, आणि घरात कोणाला सांगायच्याही आधी तिनं गोरेलाल चौकातल्या एका दुकानातून मोज्यांची जोडी घेतली होती. पिवळी, अंगठ्याएवढी. दुकानदारानं विचारलं, कितने महीने का है? तर ती म्हणाली, बहन का है. बहीण तिला नव्हतीच. दिवाळीच्या आधीच ते सगळं संपलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, असं होतं, पुष्कळांचं होतं, तुझं काही चुकलं नाही. शास्त्र तिला कळत होतं. पण मोजे तिनं आणले होते, आणि मूल गेलं होतं, आणि या दोन वाक्यांच्या मध्ये तिनं कितीही शास्त्र घातलं तरी ती रात्री एकमेकांना चिकटायची. म्हणून ती "राहू द्या" म्हणाली. ती सासूपेक्षा जास्त घाबरली होती. सासूनं फक्त ऐकलेलं होतं.

त्यानंतर दिवाळीत लोकेंद्र आला, गेला, आणि पुन्हा दिवस राहिले. तिसरा महिना उलटल्यावर त्यानं आपणहून तिचं नाव पॉलिसीत टाकलं, कार्डाचा फोटो पाठवला. तिनं कार्ड पाहिलं. कार्डावर आपलं नाव इंग्रजीत फार परकं दिसतं, एवढंच तिच्या मनात आलं. अट काय आहे, मुदत किती आहे, हे जे ती झोपेतही विचारू शकली असती ते तिनं नवऱ्याला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे बाळंतपणाचं नाव घ्यायचं. घरात तो शब्दच कोणी उच्चारत नव्हतं. 'ते झालं की', 'मग पाहू', 'तवाचं तवा', असं चाललं होतं. त्या कंपनीतली बाई आज लोकेंद्रला म्हणाली होती, मागच्या वर्षीच नाव टाकलं असतं तर आता काहीच अडचण नव्हती. संध्याकाळी पुन्हा फोन आला तेव्हा त्यानं हे सांगितलं, आणि ओसरीवरची ती दुपार त्यालाही आठवते आहे हे त्याच्या आवाजावरून तिला कळलं. पण ते नंतर.

त्याआधी ती जिना चढून डॉक्टर मॅडमकडे गेली. विमानात बसायला हरकत नाही अशी चिठ्ठी त्यांच्याकडून घ्यायची होती, ते आजच ठरलेलं होतं आणि ठरलेलं काम टाळायचं तिला सुचलं नाही. मॅडमनी दंडाला पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. "प्रेशर थोडं वर आहे," त्या म्हणाल्या. "फार नाही. जायला काही हरकत नाही. पण पोचल्याबरोबर तिथे दाखव, लांबवू नको. शेवटी शेवटी वाढलं तर लवकर मोकळं करावं लागतं, ते काय तुला सांगायचं." चिठ्ठी लिहिताना त्या म्हणाल्या, "नशीबवान आहेस. तिकडच्या सोयी म्हणजे काय." उर्वशी हो म्हणाली. चिठ्ठीवर शाई ओली होती ती तिनं फुंकर घालून वाळवली. जिन्यावर कठड्याला धरून उभी राहिली तेव्हा पोटातल्यानं आतून एक ढुशी दिली, आणि त्याच वेळी आपल्याला हायसं वाटतंय हे तिच्या ध्यानात आलं. बातमी ऐकल्यापासून छातीत जे हललं होतं त्यात थोडासा जीव भांड्यात पडल्याचा आवाज होता. आता जावं लागणार नाही. लोकेंद्रनं फोनवर दाखवलेल्या त्या पांढऱ्या स्वयंपाकघरात, जिथे एकही डाग नाही आणि खिडकीबाहेर माणूस दिसत नाही, तिथे पोट धरून दिवसभर एकटं बसावं लागणार नाही. हे कळलं आणि तिला स्वतःचीच फार लाज वाटली. कारण तिला जायचंही होतं. दोन्ही खरं होतं. दाराशी चपलांचा आवाज व्हावा, तो आत यावा, आणि मूल पहिल्यांदा रडेल तेव्हा तो भिंतीच्या पलीकडे असावा, एवढं तिला हवं होतं. काही फार नव्हतं ते.

तिरोड्याला परतायच्या मेमू लोकलमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. पोट दिसायला लागल्यापासून जागा मिळायची. गाव सुटेपर्यंत राइस मिलमधल्या उकड्या तांदळाचा वास डब्यात भरून राहिला, मग उन्हाळी धानाचे हिरवे बांध लागले, मधेच कुठून तरी मोहफुलांचा गोड, डोकं जड करणारा वास येऊन गेला. तिनं डोळे मिटले. तिला एक काच दिसली. काचेच्या पलीकडे एक गोरी मुलगी बसली होती, उर्वशीच्याच वयाची, केस घट्ट बांधलेली, तोंडावर तेच हसू. उर्वशी पॉलिसी उलगडून काचेला लावून उभी होती, आणि ती मुलगी इंग्रजीत, शेवटच्या शब्दावर हळूच खाली येत, काहीतरी सांगत होती. उर्वशीला त्या मुलीचा राग आला नाही. मुलगी चांगलं काम करत होती. पण आपल्याला तिथे शालीकरामसारखा एक प्रश्न तरी विचारता येईल का? लेकराला सांगू का थांब म्हणून, हे इंग्रजीत कसं म्हणतात? तिनं मनातल्या मनात वाक्य जुळवून पाहिलं. जुळलं, पण तसं नाही जुळलं. मग त्या माणसाच्या बायकोचं काय झालं असेल, हा विचार आला आणि तिरोड्याच्या वीज केंद्राची धुराडी दिसेपर्यंत तो गेला नाही.

लोकेंद्रचा फोन फलाटावरच आला. मागच्या वर्षीचं सांगून झालं. "तू ये," तो म्हणाला. "मी पाहून घेतो. कर्ज काढतो. काई होत नाई, कायले घाबरतेस?" काही होत नाही, असं खिडकीपाशी उभं राहून तिला शेकड्यांनी लोक सांगून गेले होते. ज्यांचं झालं तेही हेच सांगून गेले होते. "तुम्ही येऊ शकता का जुलैत?" तिनं विचारलं. त्याची सुट्टी दिवाळीत संपली होती, आता मागितली तर नोकरीवरच यायचं, आणि नोकरी गेली की व्हिसा गेला. हे त्यानं सांगायच्या आधीच तिला माहीत होतं, तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. गाडी सुटली, फलाट रिकामा झाला, आणि ती म्हणाली, "मी येत नाही. गोंदियातच होऊ द्या. इथं मला सगळे ओळखतात, काय झालं तर कुठं पळायचं ते मला माहीत आहे."

"रागावली का?"

"हो."

"कोणावर?"

"तुमच्यावर. आईंवर. माझ्यावर जास्त."

त्याच्या मागे एक मोठी गाडी थांबल्याचा, दार उघडल्याचा आवाज आला. मग तो अगदी हळू म्हणाला, "मंग मी कवा पाहीन त्याले?" तिच्या जिभेवर ते वाक्य आयतं येऊन बसलं, चार वर्षांचं, गुळगुळीत झालेलं. तिनं ते गिळलं. "तीन-चार महिन्यांचं झालं की मी घेऊन येते," ती म्हणाली. "पण आता तुम्ही एक करा. लेकराचं नाव पॉलिसीत कधी टाकता येते, त्याची काय अट आहे, ते उद्याच विचारा. नाव ठेवलं नसलं तरी विचारा. समजलं का?" समजलं, तो म्हणाला. फोन ठेवल्यावर ती बाकावर बसून थोडा वेळ रडली. मग तोंड धुऊन घरी निघाली.

घरी पोचली तर तिची मोठी बॅग अजून ओसरीच्या आढ्याला टांगलेलीच होती. उमेंद्रनं, तिच्या दिरानं, सकाळी धानाची पोती मोजायच्या काट्यावर ती वजनाला लावली होती. "भाऊजी, उतरवा," ती म्हणाली. "जात नाही मी." उमेंद्रनं एकदा आईकडे पाहिलं, बॅग उतरवून खोलीत ठेवली आणि बाहेर निघून गेला. धनवंताबाई मागोमाग आत आल्या. उर्वशीनं त्यांना सगळं सांगितलं, काउंटरच्या आवाजात नाही, साध्या, आणि मागच्या वर्षीची दुपारही वगळली नाही. धनवंताबाई खाटेच्या कडेला बसून राहिल्या. सून राहते आहे याचा आनंद त्यांच्या तोंडावर आला होता, तो अर्ध्यातच थांबला, आणि आता त्याचं काय करावं ते त्यांना कळेना. "म्या म्हनली म्हनून?" त्यांनी विचारलं. "मीही म्हणाली," उर्वशी म्हणाली. "मला तर माहीत होतं, तरी म्हणाली."

ती जमिनीवर बसून बॅग रिकामी करायला लागली. जवसाची चटणी निघाली, लोणचं निघालं, साड्यांच्या घडीत लपवलेली चिन्नोर तांदळाची पिशवी निघाली. ती धनवंताबाईंनी गुपचूप कोंबली होती आणि विमानतळावर नक्कीच पकडली गेली असती. स्वेटर, नवऱ्याचे शर्ट, शेवयांचा डबा. सगळं निघालं आणि एवढ्या मोठ्या बॅगेत बाळासाठी एक चिंधीसुद्धा नव्हती, हे दोघींनी एकदमच पाहिलं. उर्वशी उठली. कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, लग्नातल्या शालूच्या खाली हात घालून तिनं ती पिवळी जोडी काढली आणि रिकाम्या बॅगेच्या तळाशी ठेवली. दवाखान्यात न्यायची बॅग हीच, असं ती म्हणणार होती, पण म्हणाली नाही.

धनवंताबाईंनी वाकून मोजे उचलले. एक बोट आत घालून पाहिलं. "तवाचे?"

"हो."

"मले दाखवले नाई."

"तुम्ही बोलल्या असत्या."

"बोलली असती," धनवंताबाई म्हणाल्या. हे आता चुलीत जातील, असं उर्वशीला वाटलं, आणि गेले तर आपण काय करू हे तिला माहीत नव्हतं. धनवंताबाईंनी मोजे नाकाशी नेले. "डांबर गोळीचा वास येऊन राहिला. लेकराच्या अंगाले लागल." त्या उठल्या, अंगणातल्या नळाशी गेल्या, खाली बसून दोन्ही मोजे साबणानं घासले, पिळले, आणि परसात नाही, घराच्या पुढच्या तारेवर, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्या आळीला दिसतील असे, एकाशेजारी एक वाळत घातले. समोरची बाई झाडता झाडता थांबली. धनवंताबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पदराला हात पुसले.

"एकच जोडी आनली?" त्यांनी तिथूनच आत आवाज दिला. "सावनात होनार ते. सावनात काई सुकत नाई. दुसरी पायजे."